हिंवाळ्यांतील छायाचित्रण-सहली

छायाचित्र म्हणजे उजेडानें काढलेलें चित्र होय. १८३९ सालीं जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानें ग्रीक शब्दांवरून घडविलेलें जें 'फोटोग्राफी' हें नांव रूढ केलें, त्याचाहि अर्थ 'प्रकाशलेखन' असाच आहे. तेव्हां ज्यास ही कला शिकावयाची आहे, त्यानें यंत्राशीं परिचय करून घेण्यापूर्वीं उजेडाशीं परिचय करून घ्यावा, हें ओघानेंच आलें. आपल्या महाराष्ट्रांत हा परिचय होण्यास हिंवाळ्यासारखा दुसरा ऋतु नाहीं. आम्ही चौघे स्नेही गेलीं कित्येक वर्षें नाताळच्या सुटींत व जानेवारींतील एखाद्या शनिवारीं पहाटे निघून रात्रीं घरीं परतण्याच्या बेतानें छायाचित्रणाच्या सहली काढीत असतों. त्या सहलींत जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हिंवाळाच कां, हें पाहूं. २२ डिसेंबरच्या सुमारास शाळेच्या पटांगणांत एक मीटर लांबीची सरळ काठी उभी रोवा. आपलीं घड्याळें अलाहाबादेजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलीं असल्यामुळें पुण्याच्या आसपास खरी मध्यान्ह बारा वाजतां न होतां साडेबाराच्या सुमारास होते. त्या वेळीं काठीची सांवली मोजली, तर ती सुमारें ९० सेंटिमीटर भरेल. तीच काठी मे महिन्याच्या मध्यास रोवली, तर मध्यान्हीं तिची सांवली तिच्या पायाशींच लपून बसलेली दिसेल. याचें कारण सोपें आहे. पुणें विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांवर आहे आणि डिसेंबरांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेवीस अंशांपर्यंत गेलेला असतो. दोहोंची बेरीज बेचाळीस अंश झाली. सूर्य आपल्या माथ्यापासून तितका ढळलेला असल्यामुळें तो भर मध्यान्हींहि क्षितिजापासून ४८ अंशांहून वर चढत नाहीं. मे महिन्यांत मात्र तो थेट डोक्यावर येतो.

आतां सांवलीचें चित्रकाराला एवढें महत्त्व कां? कागद सपाट असतो. वस्तूला मात्र लांबी व रुंदी यांबरोबर खोलीहि असते. ही खोली कागदावर दाखविण्याचें काम सांवली करते. घरीं एखादें डाळिंब मेजावर ठेवून त्यावर समोरून विजेरीचा झोत टाका. तें तांबड्या चकतीसारखें दिसेल. मग विजेरी बाजूला न्या. लगेच त्याला गोलाई येईल, सालीवरचे उंचवटे दिसूं लागतील, देंठाकडील मुगुट उठून दिसेल. सूर्य ही आपली विजेरी आहे, परंतु ती आपणांस हालवितां येत नाहीं. उन्हाळ्यांत ती दिवसाचा बराच वेळ डोक्यावर राहते व माणसांच्या डोळ्यांच्या खोबणींत काळोख भरते. हिंवाळ्यांत ती दिवसभर तिरपी राहते, आणि म्हणून भिंत, झाड, शेताची नांगरट, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, हीं सर्व आपापलें रूप प्रकट करतात.

याखेरीज दुसरीहि कारणें आहेत. सकाळ-संध्याकाळचा उजेड आपल्यापर्यंत पोंचतांना हवेच्या फार जाड थरांतून येतो. हवेचे सूक्ष्म कण निळ्या किरणांना अधिक पसरवून टाकतात व तांबूस-पिंवळे किरण पुढें येतात. हें कोडें लॉर्ड रॅले यांनीं १८७१ सालीं उलगडलें. शिवाय हिंवाळ्यांत रात्रीं आकाश निरभ्र असल्यामुळें जमीन आपली उष्णता झपाट्यानें सोडते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन दऱ्याखोऱ्यांत उतरते, आणि तिच्यावर किंचित् उबदार हवेचें झांकण बसतें. त्या झांकणाखालीं धुकें आणि चुलींचा धूर कोंडून राहतो. ऊन चढलें कीं झांकण उघडतें आणि सर्व देखावा विरून जातो. सूर्योदयानंतरच्या पहिल्या एका तासांतच सूर्य सुमारें तेरा अंश वर येतो; म्हणजे सोनेरी उजेडाचा काळ घटका-दोन घटकांहून अधिक नसतो. जो अंथरुणांत लोळत राहिला, त्याच्यासाठीं तो थांबत नाहीं.

आमच्या मंडळींत एक विज्ञानाचे शिक्षक, एक टपालखात्यांतील कारकून, एक औषधांचे दुकानदार व प्रस्तुत लेखक असे चार जण आहेत. दोघांजवळ कॅमेरे आहेत. दोघे मोबाईल फोनवरच काम भागवितात. आम्हीं एक नियम करून घेतला आहे, तो असा, कीं दिवसभरांत कोणीहि छत्तीसाहून अधिक चित्रें काढावयाचीं नाहींत. आमच्या विद्यार्थिदशेंत फिल्मच्या एका रोलांत छत्तीस चित्रें येत व रोल महाग असे. त्यामुळें बोट दाबण्यापूर्वीं माणूस दहा वेळां विचार करी. आतां यंत्रांत हजारों चित्रें मावतात आणि विचार करावा लागत नाहीं. लोकांस ही सोय वाटते. आमच्या मतें या सोयीनें डोळा आळशी होतो. छत्तीसच काढावयाचीं म्हटलें, कीं माणूस आधीं पाहतो, दोन पावलें डावीकडे सरकतो, खालीं बसतो, पाठीमागचा विजेचा खांब चित्रांतून जातो किंवा नाहीं तें बघतो, आणि पुष्कळदां चित्र न काढतांच पुढें जातो. हें न काढलेलें चित्रहि शिक्षणच होय.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनें मळवली स्थानकावर उतरून भाजें गांव, तेथून लोहगड व उतरतीला भाज्याचीं लेणीं ही आमची आवडती सहल. हिचा क्रम उजेडावरून ठरलेला आहे. लेण्यांचें तोंड साधारणतः पश्चिमेस असल्यामुळें सकाळीं तीं सांवलींत असतात. म्हणून आम्ही सकाळीं त्यांच्याजवळून तसेच पुढें जाऊन गायमुख खिंडीच्या वाटेनें गड चढतों. हा गड २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर गणला गेला. विंचूकाटा या नांवाची त्याची लांब सोंड पाहण्याजोगी आहे. तिच्यावरून पवना धरणाच्या खोऱ्याकडे पाहिलें, कीं डोंगरांच्या रांगा एकीमागून एक अधिकाधिक फिक्या होत गेलेल्या दिसतात. जवळची रांग गडद, तिच्यामागची निळसर, त्यापलीकडील नुसती रेषा. मधल्या हवेंतील बाष्पामुळें असें होतें. या फिकेपणावरूनच पाहणाराला अंतर कळतें. म्हणून अशा ठिकाणीं झूम करून एकच डोंगर जवळ ओढण्यापेक्षां तीन-चार रांगा चित्रांत येऊं द्याव्या.

दुपारीं तीनच्या पुढें आम्ही लेण्यांत येतों. हीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत कोरण्यास आरंभ झालेलीं लेणीं होत. चैत्यगृहाच्या छताला लागलेल्या लांकडी कमानी अजून जागच्या जागीं आहेत, हें पाहून प्रत्येक खेपेस नवल वाटतें. तेथेंच जवळ चौदा लहान-मोठ्या स्तूपांचा समूह आहे. विद्यार्थ्यांना छाया-प्रकाशाचा धडा देण्यास याहून सुरेख शाळा मिळणार नाहीं. कारण मघां सांगितलेल्या डाळिंबाचा प्रयोग येथें दगडांत करून ठेवला आहे. हिंवाळ्याचें ऊन नैर्ऋत्येकडून तिरपें येतें, आणि स्तूपाची एक कड उजळून दुसरीकडे काळोख सावकाश दाटत जातो. विहाराच्या ओसरींत दाराच्या दोहों बाजूंस कोरलेलीं, रथांत बसलेल्या व हत्तीवर आरूढ झालेल्या पुरुषांचीं चित्रें परंपरेनें सूर्य व इंद्र यांचीं मानलीं जातात. पुष्कळ लोक त्यांच्यापुढें उभे राहून फ्लॅश पाडतात. समोरून पडलेला हा झगझगीत उजेड कोरीव कामाची सर्व खोली पुसून टाकतो; बाजूनें येणारा मंद उजेड तीच खोली दाखवितो. तेथें हात छातीशीं टेंकवून, श्वास रोखून, स्वस्थ उभें राहावें. तिवई मात्र पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून वापरतां येत नाहीं.

लेण्यांचीं चित्रें घेण्याचा उद्योग आपल्या देशांत बराच जुना आहे. मेजर रॉबर्ट गिल यांस १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यांत आलें. त्यांनीं वर्षांनुवर्षें खपून केलेल्या मोठमोठ्या रंगीत नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळून गेल्या. परंतु याच गृहस्थांनीं कॅमेऱ्यानेंहि लेण्यांचीं चित्रें घेतलीं होतीं, आणि तीं १८६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं असल्यामुळें आजहि पाहावयास मिळतात. एक प्रत जळाली तरी दुसरी उरते, हा छायाचित्राचा मोठाच गुण आहे.

परंतु चित्र घेणाऱ्यावर एक ऋणहि चढतें, तें आम्हांस भाज्याच्या वाटेवर समजलें. तेथें चुलीवर चहा करून विकणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या चेहऱ्यावर धुराआडून सुंदर ऊन पडलें होतें. आमच्या टपालवाल्या स्नेह्यांनीं विचारलें, "मावशी, तुमचा फोटो काढूं का?" बाई म्हणाल्या, "काढा कीं. लई जण काढून नेत्यात. मला कुठं कोण दावतंय!" या उत्तरानें आम्ही चौघेहि स्तब्ध झालों. पुढल्या हिंवाळ्यांत आम्हीं त्या चित्राची मोठी प्रत कागदावर छापून नेली. बाईंनीं ती उन्हांत धरून पुष्कळ वेळ पाहिली व पहिलें वाक्य म्हटलें तें हें, "ह्यो टोप माझा न्हाई, शेजारणीचा हाय." मग हंसल्या, पदरानें कागद पुसला आणि डब्यांत जपून ठेवला. आधारकार्डावरचें सोडलें तर आपलें दुसरें चित्र घरांत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हांपासून आमचा दुसरा नियम झाला. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्यास आधीं विचारावें, त्यानें नाहीं म्हटलें तर नमस्कार करून पुढें जावें, आणि हो म्हटलें तर चित्र त्याच्या हातीं पोंचवावें.

दुसरी सहल भिगवणची. हें गांव पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटरवर आहे. भीमा नदीवर उजनी येथें बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें व त्याचें पाणी मागें दूरवर पसरलें. हिंवाळ्यांत या उथळ पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब व चक्रवाकहि दिसतात. आसपासच्या गांवांतील मासेमारी करणारे लोक आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवितात. रोहित आपली वांकडी चोंच पाण्यांत उलटी घालून चिखल-पाणी गाळतो व त्यांतील सूक्ष्म जीव खातो. त्याच्या पंखांवरील गुलाबी रंग या अन्नांतूनच येतो. पिल्लूं करड्या रंगाचें असतें. असें कण-कण वेंचून पोट भरावयाचें म्हणजे दिवसाचे पुष्कळ तास खाण्यांत घालवावे लागतात.

एका जानेवारींत आम्ही असेच पांचपन्नास रोहितांपासून बऱ्याच अंतरावर होडींत बसलों होतों. इतक्यांत दुसरी एक होडी वेगानें थव्याकडे गेली व आंतील मंडळींनीं टाळ्या वाजवून पक्षी उडविले. उडतां थवा खरोखर देखणा दिसतो. पंखांखालचा तांबडा-काळा रंग एकदम उघडतो. आमच्यांतील एका स्नेह्यानें आमच्या नावाड्यासहि होडी पुढें घेण्यास सुचविलें. तो तरुण वल्हें आडवें ठेवून म्हणाला, "सर, ते पंगतीला बसलेत. भरल्या ताटावरून कुणाला उठवावं का?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. आम्ही तेथेंच थांबलों. रोहिताला उडण्यापूर्वीं पाण्यावर धांवावें लागतें, आणि प्रत्येक उड्डाणांत त्यानें कण-कण मिळविलेली शक्ति खर्ची पडते, हें आम्ही पुस्तकांत वाचलेलें होतें. परंतु पुस्तकांतील ज्ञान आणि नावाड्याच्या तोंडचा शब्द यांत अंतर होतें. पाऊण तासानें थवा पुन्हां उतरला व खात-खात आपण होऊनच आमच्या बाजूला सरकला. त्या दिवसाचीं उत्तम चित्रें त्यानंतरचीं आहेत, आणि त्यांत एकहि पक्षी भ्यालेला नाहीं.

येथें एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवूं. कॅमेरा समोरच्या सर्व देखाव्याचा उजळपणा मध्यम करड्या रंगाइतका धरून चालतो. त्यामुळें धुकें, पांढरे पक्षी, चकाकणारें पाणी यांचीं चित्रें मळकट येतात. अशा वेळीं यंत्राला थोडा अधिक उजेड घ्यावयास सांगावें. फोनवर पक्ष्याच्या जागीं बोट टेंकवून शेजारची सूर्याची खूण वर सरकविली कीं काम होतें. उलट मावळत्या सूर्यासमोर झाडाची काळी आकृति हवी असेल, तर ती खालीं सरकवावी. उडता पक्षी पकडावयाचा तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग लागतो. बसलेल्यास सव्वाशेवा भाग पुरतो. आणि पहाटेच्या थंडींतून एकदम उबदार, वाफेच्या जागेंत आलें तर कांचेवर दंव धरतें. तेव्हां यंत्र थोडा वेळ पिशवींतच राहूं द्यावें.

परतण्यापूर्वीं त्याच नावाड्यानें आम्हांस आपल्या नातेवाइकांच्या शेतावर हुरडा खावयास नेलें. कोवळीं कणसें आगटींत भाजलीं जात असतां त्यानें सहज हात करून पाण्याकडे दाखविलें व सांगितलें, कीं त्याच्या आजोबांचें घर व शेत तेथें तळाशीं आहे. घर कसें होतें, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "आजोबा सांगायचे, दारांत मोठा पिंपळ होता. आतां सांगणारं कोणी राहिलं नाही, अन् फोटो तर कधी नव्हताच." ज्या पाण्यावरून आम्ही सकाळपासून शेंकडों मैलांवरून आलेल्या पक्ष्यांचीं चित्रें घेत होतों, त्याच्याच तळाशीं एक घर असें गेलें होतें, कीं ज्याची रेघसुद्धां कागदावर उरली नाहीं.

प्रत्येक सहलीनंतरच्या रविवारीं संध्याकाळीं आम्ही चौघे एकत्र बसतों. प्रत्येकानें आपल्या छत्तीसांतून एकच चित्र पुढें ठेवावयाचें व बाकीच्या तिघांनीं त्यावर मोकळेपणानें बोलावयाचें, असा प्रघात आहे. सोबत्यांचा खरा उपयोग येथें होतो. आपल्या चित्रांत आपणांस श्रमहि दिसतात. चढलेला गड, सोसलेली थंडी, हुकलेली झोंप. परक्या डोळ्याला यांतलें कांहीं दिसत नाहीं. त्याला फक्त चित्र दिसतें. विज्ञानशिक्षक स्नेही एकदां म्हणाले, "येथें गड छान आहे, पण तुम्ही काय पाहिलें तें दिसत नाहीं." याहून नेमकी टीका आम्हीं ऐकलेली नाहीं. तीन वर्षें एकाच जागेवर उभे राहून चौघांनीं काढलेलीं चित्रें शेजारी-शेजारी मांडलीं, तर चार निरनिराळे स्वभाव तेथें दिसतात.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलांच्या हातीं फोन असतो व तीं त्यांत डोकें खुपसून बसतात, ही तक्रार आम्ही शाळेंत नित्य ऐकतों. फोन हिसकावून घेण्यापेक्षां एक दिवस त्यांना सोबत घेऊन, किंवा विश्वासू सोबत्यांबरोबर, पहाटे घराबाहेर पाठवून पाहा. छत्तीसचा नियम घालून द्या. ज्या यंत्रानें मुलगा खोलींत कोंडला गेला, त्याच यंत्रासाठीं तो गार वाऱ्यांत धुकें फांकण्याची वाट पाहात उभा राहिलेला तुम्हांस दिसेल.

विद्यार्थिमित्रहो, या सुटीसाठीं तुम्हांस तीन अभ्यास देतों. पहिला, शाळेंतील किंवा अंगणांतील एकाच झाडाचें चित्र एकाच जागेवरून सकाळीं साडेसात, दुपारीं साडेबारा व सायंकाळीं साडेपांच वाजतां घ्या, आणि सांवली कोणत्या बाजूला व किती पडली तें वहींत टिपा. दुसरा, अर्धा तास एका जागीं बसा व त्यांत एकच चित्र काढा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. आपलें घर, त्याचा उंबरा, स्वयंपाकाची जागा, दारांतलें झाड, आणि घरांतील सर्वांत वडील माणूस, यांचें एकेक चित्र तिरप्या उन्हांत घ्या. कागदावर छापून घ्या. पाठीमागें गांव, तारीख व नांव लिहा. गड आणि लेणीं यांचीं चित्रें घेणारे पुष्कळ आहेत. आजीच्या चुलीचें चित्र घेणारे तुमच्यावांचून दुसरें कोणी नाहीं.